दोरी धरते तो क्षण

यो-यो खाली जातो आणि वर येतो, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण तो कधी वर येतो, किती ओढीने येतो आणि कोणाच्या मर्जीने येतो, हे पाहू लागलं की खरी गोडी कळते. आजच्या स्पर्धांत जे यो-यो दिसतात, त्यांतले बरेचसे आपणहून वर येतच नाहीत. त्यांची खाच रुंद असते, आत गुळगुळीत बॉल बेअरिंग असतं, आणि दोरीची एक घडी मुद्दाम खाचेत सारून, म्हणजे ‘बाइंड’ करून, त्यांना हातात बोलवावं लागतं. त्यांच्यावर होणाऱ्या कसरती थक्क करतात, यात शंका नाही. माझा जीव मात्र रमतो तो मनगटाच्या एका हिसक्यासरशी वर येणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ यो-योंत. त्यांचे प्रकार कोणते, दोरी, खाच आणि आस यांचं आपसात कसं जमतं, कोणता सेटअप कशासाठी बरा, हे इथे सावकाश सांगायचं आहे.

त्यासाठी उज्जैनचा राम घाट ही मला फार योग्य जागा वाटते. एक तर तिथल्या पायऱ्या. सपाट जमिनीवर खेळताना दोरी जमिनीपासून बेंबीपर्यंत मापून घ्यावी लागते. त्याहून लांब ठेवली तर यो-यो फरशीवर आपटतो. घाटावर वरच्या पायरीच्या कडेला उभं राहिलं की समोरची जमीन पायरी-पायरीने खाली गेलेली असते, दोरीला मोकळीक मिळते आणि यो-यो तळाशी पोचल्यावर नेमकं काय होतं ते डोळे भरून पाहता येतं. दुसरं म्हणजे, घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर खेळण्यांच्या गाड्यांवर लाल-पिवळ्या लाखेची लाकडी चकरी अजून मिळते. रिस्पॉन्सिव्ह यो-योचं सगळ्यात जुनं, सगळ्यात उतावीळ रूप ते हेच. क्षिप्रेच्या काठी कार्तिकातली जत्रा भरते, तेव्हा तर अशी खेळणी हवी तेवढी.

तिसरं कारण नदीचं आहे. राम घाटावरून वाहणारं क्षिप्रेचं पाणी पुढे चंबळेला मिळतं आणि चंबळ कोट्याला वळसा घालून जाते. या कोटा-बुंदी भागातल्या शैलीचं, साधारण १७७०च्या सुमाराचं एक लघुचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एक स्त्री यो-यो खेळते आहे. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४०च्या आसपासचं एक ग्रीक पात्र आहे, त्यावरही यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. म्हणजे हे खेळणं जुनं आणि अनेक देशांचं. तरी माळव्याच्या शेजारी अडीचशे वर्षांपूर्वी ते एवढ्या हौसेचं होतं की चितारी ते कागदावर उतरवत होता, हे कळल्यावर गाडीवरची चकरी हातात घेताना तिचं मोल वाढतं.

तर आधी ही चकरी. लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कातून काढलेली, मधोमध खोल खाच, दोन्ही गालांवर लाखेची वर्तुळं. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या बुधनीला दुधी नावाच्या लाकडाची अशी खेळणी होतात. दुधी म्हणजे आपला काळा कुडा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणीही याच झाडाच्या लाकडाची. रंगवण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे. कातणीवर लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. घासण्याने ऊब येते, लाख वितळते आणि लाकडाच्या अंगी बसते. मग केवड्याच्या पानाने चकाकी आणायची. ब्रश नाही, डबा नाही. ज्या फिरण्याने चकरी रंगते, त्याच फिरण्याच्या जोरावर ती पुढे आयुष्यभर दोरी चढत राहते. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

चकरीची दोरी आसाला पक्की बांधलेली असते, आणि तिचा सगळा स्वभाव त्या एका गाठीतून येतो. खाली सोडली की दोरी उलगडत जाते, चकरीचा वेग वाढत जातो. तळाशी पोचली की उलगडायला दोरी उरत नाही, पण चकरी फिरायची थांबलेली नसते. ती त्याच दिशेने फिरत राहते आणि दोरी आता दुसऱ्या बाजूने गुंडाळली जाते. त्यामुळे तळाशी थांबणं तिला माहीतच नाही. गेली तशी आली. त्या वळणाशी बोटाला एक ठोका बसतो. तो ठोका कसा घ्यायचा, यावर चकरी खेळणाऱ्याचा हात ओळखावा. चकरी तळाशी पोचायच्या किंचित आधी हात दोन-तीन बोटं वर उचलला, तर ठोका मऊ होतो आणि चकरीला वर चढायला बळ मिळतं. हात उशिरा उचलला तर ठोका कोरडा लागतो आणि चकरी अर्ध्या वाटेतच दमते. गाडीवरची मुलं हे कोणी न शिकवता करतात. हाताची ही वेळ साधणं म्हणजेच रिस्पॉन्सिव्ह खेळाचा पहिला धडा, आणि अगदी साध्या चकरीतही तो पुरेपूर आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या खेळण्याचं वेड पसरलं. फ्रान्समधून परागंदा झालेल्या उमरावांच्या हाती ते होतं, इंग्लंडात त्याला ‘बँडलोर’ म्हणत. आयरिश पार्लमेंटच्या एका समितीच्या बैठकीत आर्थर वेलस्ली हा तरुण सभासद सबंध वेळ ते वर-खाली खेळवत बसला होता, अशी आठवण कवी टॉमस मूरच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. हाच वेलस्ली पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला दौलतराव शिंद्यांच्या फौजेसमोर उभा राहिला. त्या वेळी उज्जैन शिंद्यांचं होतं. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधवलेलं गोपाळ मंदिर आजही शहराच्या भर बाजारात उभं आहे. महाकालाच्या दर्शनाला येणारा मराठी माणूस ते मंदिर पाहतो, हरसिद्धीच्या दीपमाळांपाशी त्याला घरच्यासारखं वाटतं आणि तिथून राम घाट जवळच आहे. वेलस्लीच्या हातातलं खेळणं आणि आजची चकरी यांची जात एकच: दोरी बांधलेली, तळाशी न थांबणारी.

मग एक साधा, पण सगळं बदलून टाकणारा फेर झाला. १८६६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या दोघांनी बँडलोरच्या सुधारणेचं पेटंट घेतलं होतं. पण खरी क्रांती आणली ती फिलिपिन्सहून आलेल्या पेद्रो फ्लोरेस या स्थलांतरिताने. १९२८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे त्याने यो-योचा कारखाना काढला. फिलिपिन्समध्ये रुळलेली रीत त्याने तिथे आणली. दोरी आसाला बांधायची नाही, आसाभोवती तिचा सैल फासा ठेवायचा. लांब सुताला मधोमध घडी घालून दोन्ही पदर एकमेकांवर पिळले की घडीपाशी आपसूक फासा तयार होतो. पीळ जरा उलगडून तो आसावर चढवायचा, बस. आता यो-यो तळाशी पोचला की दोरी त्याला वर खेचत नाही. आस फाशात घसरत फिरत राहतो. यालाच खेळणारे ‘स्लीपर’ म्हणतात. पुढे डोनाल्ड डंकनने फ्लोरेसचा धंदा विकत घेतला आणि यो-यो अमेरिकाभर पोचवला.

आता राम घाटाच्या त्या वरच्या पायरीवर उभे राहा आणि लाकडी आसाचा, फाशाच्या दोरीचा यो-यो जोरात खाली सोडा. मान वाकवून तळाकडे बघा. यो-यो दोरीच्या टोकाशी लटकून फिरतो आहे. त्याचं वजन दोरीला ताठ ठेवतं आहे, फासा आसाला चिकटायचा प्रयत्न करतो आहे, पण आसाची गती त्याहून जास्त आहे म्हणून तो घसरतो आहे. कान दिलात तर लाकडावर सूत घासल्याची बारीक घरघर ऐकू येते. आता मनगट नुसतं वर उचला आणि लगेच सैल सोडा. यो-यो जरासा उसळतो, त्या निमिषात दोरीवरचा ताण नाहीसा होतो. सैल पडलेली दोरी खाचेच्या भिंतींना टेकते, फिरता आस तिला आपल्याबरोबर ओढतो, पहिला वेढा बसतो, दुसरा वेढा पहिल्याला दाबून धरतो, आणि मग सुटका नाही. यो-यो सरसर वर येतो आणि तळव्यावर थापकन बसतो. हिसक्याने यो-यो वर ओढला जातो असं वाटतं, पण हिसका दोरीला फक्त क्षणभर सैल करतो. वर येण्याचं काम यो-यो स्वतःच्या उरलेल्या फिरकीवर करतो. म्हणून फिरकी संपत आली असेल तर कितीही ओढा, तो अर्ध्यावर लटकतो.

दोरी ताठ राहण्यावर यो-योचं झोपणं किती अवलंबून आहे, ते अंतराळात सिद्ध झालं. एप्रिल १९८५मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून काही खेळणी मुद्दाम वर नेली होती. अंतराळवीर डेव्हिड ग्रिग्जने तिथे यो-यो खेळून पाहिला. त्याला वाटेल तितक्या सावकाश सोडता येत होतं, दोरीवर तो डौलाने सरकत होता, पण स्लीपर काही जमेना. टोकाला पोचला की तिथून उसळून तो लगेच परत फिरायचा. दोरी ताठ ठेवायला वजनच नाही, मग फासा घसरत राहणार कसा? घाटावर आपण ज्याला यो-योचं झोपणं म्हणतो, त्यात पृथ्वीचाही हात आहे, हे या प्रयोगाने लख्ख दाखवलं.

दोरी धरते त्या क्षणाचा स्वाद प्रत्येक प्रकारात वेगळा आहे. लाकडी आसाच्या यो-योंत माझं सगळ्यात आवडतं नाव टॉम कून या सॅन फ्रान्सिस्कोच्या दंतवैद्याने १९७८च्या सुमारास काढलेल्या ‘नो जाइव्ह थ्री-इन-वन’चं. मेपल लाकडाचे दोन गाल आणि त्यांच्यामध्ये वेगळा लाकडी आस. सगळं सुटं होतं. गाल उलटे लावले तर फुलपाखरी आकार, एक सरळ आणि एक उलटा लावला तर पॅगोडा. त्याआधीच्या बहुतेक लाकडी यो-योंत आस झिजला किंवा दोरी आत अडकून बसली की यो-यो संपला. इथे आस काढा, नवा घाला. म्हणजे खेळणाऱ्याला प्रथमच आपला यो-यो आपल्या हाताप्रमाणे लावून घेता आला. सेटअप हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, त्याची मुळं या खुल्या होणाऱ्या लाकडात आहेत.

लाकडी आसाची मजा अशी की तो कधीच एकसारखा राहत नाही. नवा आस खरखरीत असतो, दोरी चटकन धरतो, झोप अगदी थोडी देतो. खेळत गेलं की सूत त्याला घोटत जातं, त्यावर तपकिरी झिलई चढते आणि यो-यो शांत होतो, जास्त वेळ फिरतो, हिसका मागतो. या मधल्या काळात, आस पुरता गुळगुळीत व्हायच्या आधी, लाकडी यो-योचं वागणं सगळ्यात रसाळ असतं. जोरात सोडा, तो थोडा वेळ झोपेल. हळू सोडा, तो लगेच वर येईल. तुमच्या हाताचा जोर तो नीट ऐकतो. आजचे हौशी खेळाडू अशा यो-योवर ‘स्टॉल’ करतात: वर येणारा यो-यो दोरीवरच झेलून त्याची फिरकी क्षणभर थांबवायची आणि तिथूनच पुन्हा फेकायची. लाकडी आस दोरी घट्ट धरतो म्हणूनच हे जमतं. बेअरिंगचा यो-यो तिथून घसरून जाईल.

प्लास्टिकच्या यो-योंत डंकनचा ‘इम्पीरियल’ हा घराघरांत पोचलेला प्रकार. गोल पाठीचा, अरुंद खाचेचा, धातूच्या स्थिर आसाचा. धातू लाकडाइतका दोरीशी बोलत नाही, पण तो झिजत नाही, सूत बदलत राहिलं की आज जसा आहे तसाच उद्याही. ‘बटरफ्लाय’ हा त्याच घरचा भाऊ, गाल बाहेर उघडलेले, दोरीवर झेलायला सोपा. मोठा माणूस मुलाला पहिला यो-यो देतो तेव्हा हा बटरफ्लाय द्यावा, असं मला वाटतं. त्यात दोरीवर उतरण्याचा आनंद आहे आणि हिसक्याला वर येण्याचं आश्वासनही आहे.

ऐंशीच्या दशकात योमेगाने ‘ब्रेन’ आणला. त्यात स्प्रिंगच्या जोरावर मिटणारे दोन चिमटे होते. यो-यो जोरात फिरतो तोवर चिमट्यांची वजनं बाहेर ढकलली जातात, आस मोकळा राहतो. फिरकी कमी झाली की स्प्रिंग चिमटे मिटवतात, आस धरला जातो आणि यो-यो आपोआप वर येतो. कल्पना फार हुशार आहे आणि तिने असंख्य मुलांना यो-यो धरायला लावला. पण तिथे हिसका देण्याचं काम यंत्राने घेतलं. परत कधी यायचं हे चिमटे ठरवतात. म्हणून मी त्याची करामत मानतो, त्यात रमत मात्र नाही.

त्याच योमेगाचा ‘रेडर’ वेगळा. आत बॉल बेअरिंग आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवर केंद्रापासून बाहेर पसरलेल्या बारीक उठावाच्या रेषा. या रेषांना खेळणारे ‘स्टारबर्स्ट’ म्हणतात. दोरी सैल झाली रे झाली की या रेषा तिला पकडतात. हा यो-यो लूपिंगसाठी. लूपिंगमध्ये यो-यो पुढे फेकायचा, परत आला की हातात न घेता मनगटाच्या वळणाने पुन्हा पुढे धाडायचा, आणि हे थांबू द्यायचं नाही. दोन हातांत दोन यो-यो घेऊन जपानच्या शिंजी सायतोने हा प्रकार अनेक जागतिक विजेतेपदांपर्यंत नेला. त्याचे दोन्ही यो-यो हवेत आपापल्या कक्षेत फिरताना पाहिलं की कळतं, इथे झोपेला जागाच नाही. टोकाला पोचताक्षणी यो-यो फिरला पाहिजे. राम घाटावरची चकरी जे गाठीमुळे करते, तेच रेडर बेअरिंग, स्टारबर्स्ट आणि सैल फासा यांच्या तोलातून करतो, आणि शिवाय हवं तेव्हा झोपतोही. एका अर्थी चकरीची ओढ आणि फ्लोरेसचा फासा इथे एकत्र आले आहेत.

अलीकडे बेअरिंगच्या यो-योंतही रिस्पॉन्सिव्ह प्रकार पुन्हा मानाने येऊ लागले आहेत. आजच्या बाइंडच्या यो-योंत सहसा जे बेअरिंग असतं, ते सुमारे पावणेपाच मिलिमीटर रुंद असतं. त्याऐवजी अरुंद बेअरिंग घातलं की दोन गाल जवळ येतात, खाच लहान होते आणि बाजूच्या सिलिकॉनच्या चकत्या दोरीला सहज लागतात. काही कंपन्या एकाच डब्यात दोन्ही बेअरिंगं देतात, म्हणजे शिकताना अरुंद, पुढे रुंद. अशा यो-योला मी शिडी म्हणून पाहत नाही. अरुंद बेअरिंगवर जो खेळ होतो, तो स्वतंत्र खेळ आहे आणि पुढे जाऊनही त्याकडे परत यावं इतका भरलेला आहे.

आता सेटअप. तबलजी जसा कार्यक्रमाआधी हातोडीने गट्टे ठोकून स्वर लावतो, तसा यो-योही त्या दिवसाच्या हवेला आणि हाताला लावून घ्यावा लागतो. पहिली गोष्ट दोरी. लाकडी आसावर सुती दोरीच हवी, फार तर सूत आणि पॉलिएस्टर निम्मेनिम्मे. निव्वळ पॉलिएस्टर लाकडावर घासून वितळतं आणि आस खराब करतं. बेअरिंगला पॉलिएस्टर चालतं, ते टिकतंही जास्त. पण लूपिंगला मी सूतमिश्रित दोरी पसंत करतो. तिच्या तंतूंमुळे पकड जरा जिवंत राहते. दोरी जाड घेतली की यो-यो लवकर वर येतो, बारीक घेतली की जास्त झोपतो. एवढा एक बदल पुष्कळदा पुरतो.

दुसरी गोष्ट पीळ, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. प्रत्येक फेकीबरोबर दोरीचा पीळ थोडा वाढतो किंवा थोडा सुटतो. पीळ वाढला की फासा आसाला आवळतो, यो-यो झोपायलाच तयार होत नाही आणि सैल सोडलेली दोरी गुंता करून बसते. पीळ सुटला की फासा उघडतो, यो-यो खूप वेळ फिरतो पण हिसक्याला दाद देत नाही, आणि फारच सुटला तर दोरीवरून निखळून घाटाच्या पायऱ्या उतरत नदीकडे निघतो. उपाय सोपा आहे. दोरी बोटातून काढून यो-यो मोकळा लटकवायचा आणि तो स्वतःभोवती गिरक्या घेऊन शांत होईपर्यंत थांबायचं. दोरी दुहेरी धरून सैल सोडली असता ती जेमतेम एकदा-दोनदा स्वतःवर वळली, तर पीळ योग्य. हे करायला दोन क्षण लागतात, आणि पुष्कळांना आपला यो-यो बिघडला असं वाटत असतं तेव्हा फक्त पीळ चुकलेला असतो.

तिसरी गोष्ट फासा. बेअरिंगवर दोरी एकदाच घातली तरी बहुधा पुरतं. यो-यो हट्टाने झोपत असेल तर फाशाला आठाच्या आकड्यासारखी मुरड घालून तो दोनदा चढवावा. पकड दुप्पट होते, झोप कमी होते. चौथी गोष्ट वंगण. कोरडं, स्वच्छ बेअरिंग सैरभैर फिरतं. त्यात जाडसर वंगणाचा एखादा थेंब घातला की ते दोरीबरोबर थोडं ओढलं जातं आणि यो-यो हिसक्याला उठतो. लाकडी आसाला मात्र तेल लावू नये, सूत ते पितं आणि पकड जाते. पाचवी गोष्ट हवा. श्रावणात क्षिप्रेला पूर येतो, घाटावरची लहान देवळं पाण्याखाली जातात आणि सगळीकडे ओल भरून राहते. त्या दिवसांत सुती दोरी फुगते, लाकडी यो-यो उतावीळ होतो, तेव्हा बारीक दोरी घ्यावी. वैशाखाच्या कोरड्या उन्हात तोच यो-यो आळसावतो, मग जाड दोरी.

मराठी मुलाला ही समज नवी नाही. भोवऱ्याची जाळी गुंडाळताना तिचं टोक ओलं करायचं, म्हणजे पहिला वेढा घसरत नाही, हे आपण गल्लीत शिकलेलो असतो. आर बोथट झाली की भोवरा हातावर कसा खेळतो आणि टोकदार असली की कसा बोचतो, हेही. फरक एवढाच की भोवरा जाळी सोडून निघून जातो, यो-यो दोरीशी नातं तोडत नाही. म्हणून यो-योचा सेटअप फेकीसाठी लावायचा नसतो, परतीसाठी लावायचा असतो.

या सगळ्यातून चांगला सेटअप कोणता, याचं माझं मोजमाप एक आहे. यो-यो झोपवा आणि आधी फक्त बोट हलवा. तो उठता कामा नये. उठला तर तो फार हळवा आहे, दोरीवर काही करू देणार नाही. मग मनगट हलवा. आता तो उठला पाहिजे, आणि पुरत्या वेगाने वरपर्यंत आला पाहिजे. मनगटाने उठला नाही आणि कोपर वापरावं लागलं, तर तो फार सैल आहे. बोट आणि मनगट यांच्यामधली ही जागा अरुंद आहे, पण रिस्पॉन्सिव्ह यो-योची सगळी चव तिथेच आहे. कोणाला ती जागा बोटाच्या बाजूला सरकलेली आवडेल, तो लूपिंगचा माणूस. कोणाला मनगटाच्या बाजूला, तो दोरीवरच्या खेळाचा माणूस. दोघांचा यो-यो सारखाच असू शकतो. दोरी आणि पीळ वेगळे असतील. म्हणून नवा यो-यो घेण्याआधी आहे त्याची दोरी बदलून पाहावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय कशाने झालं ते कळत नाही.

आणि या मोजमापाने पाहिलं, तर राम घाटावरची लाखेची चकरी उत्तम यो-योपासून फार लांब नाही. तिचं कातकाम सुबक आहे, तोल चांगला आहे, रंग तर बाजारातल्या कुठल्याही प्लास्टिकपेक्षा देखणा. कमी आहे ती दोनच गोष्टींची. दुधीचं लाकूड मऊ, त्यामुळे त्यातच कातलेला आस घासणीला टिकत नाही. आणि दोरी बांधलेली. कातारीने दोन गाल दुधीचेच ठेवावेत, मध्ये शिसवासारख्या कठीण लाकडाचा बारीक, गुळगुळीत आस वेगळा बसवावा, खाच दोन-तीन मिलिमीटरची ठेवावी, आणि आसाला भोक न पाडता पिळाच्या सुती दोरीचा फासा घालावा. यात एकही भाग परदेशातून आणायला नको, एकही यंत्र नवं नको. बुधनीच्या, सावंतवाडीच्या, चन्नपट्टणच्या कातणीवर आज दुपारी हे होऊ शकतं. शिवाय दोरी खराब झाली की मुलगा ती स्वतः बदलू शकेल, खेळणं एका मोसमात फेकलं जाणार नाही. २०२८मध्ये उज्जैनला पुन्हा सिंहस्थ भरेल, लाखो माणसं घाटावर उतरतील आणि त्यांची मुलं खेळण्यांच्या गाड्यांपाशी थांबतील. त्या गाड्यांवर झोपणारी आणि हाक मारल्यावर उठणारी लाखेची चकरी असावी, एवढं कोणा कातारीने मनावर घ्यावं. मी तिचं पहिलं गिऱ्हाईक असेन, आणि दोरीचा पीळ कसा लावायचा ते शेजारी उभं राहून मुलांना शिकवीन.